त्रिमितीय दूरचित्रवाणी आणि शिणलेले डोळे : एका जुन्या तक्रारीचा इतिहास

५ सप्टेंबर २०२३ रोजी ‘इस्रो’ने चंद्रावर उतरलेल्या ‘विक्रम’ लँडरचे एक वेगळे छायाचित्र प्रसिद्ध केले. ‘प्रज्ञान’ रोव्हरवरील दिशादर्शक कॅमेऱ्यांच्या जोडीने टिपलेल्या दोन प्रतिमा त्यात एकमेकींवर बसवल्या होत्या. डावी प्रतिमा लाल रंगात होती, तर उजवी हिरव्या आणि निळ्या रंगांच्या मिश्रणात. चित्र पाहण्यासाठी लाल आणि निळसर-हिरव्या काचांचा चष्मा वापरावा, असे इस्रोने सुचवले होते. तो चष्मा डोळ्यांवर चढवला की मोबाइलच्या सपाट पडद्यावर लँडर उठून दिसतो आणि चंद्राच्या भूमीला खोली येते. मात्र तसेच पाहत राहिले, तर थोड्याच वेळात कपाळावर बारीक ताण जाणवू लागतो आणि चष्मा काढून डोळे चोळावेसे वाटतात.

या ताणाचा इतिहास पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे. त्यातील सर्वांत महागडे प्रकरण २०१० ते २०१७ या सात वर्षांत घडले. जगातील जवळजवळ प्रत्येक मोठ्या कंपनीने त्रिमितीय दूरचित्रवाणी संच बाजारात आणले आणि एकेक करून ते मागेही घेतले. अपयशाची कारणे सांगताना चष्म्यांची कटकट, संचांची किंमत आणि कार्यक्रमांची टंचाई यांचा उल्लेख नेहमी होतो. डोळे दुखण्याची तक्रार मात्र बहुधा यादीच्या शेवटी येते, जणू तो प्रेक्षकाच्या सवयीचा किंवा नाजूकपणाचा प्रश्न असावा. वस्तुतः त्या तक्रारीमागचे शरीरशास्त्र दूरचित्रवाणीचा शोध लागण्यापूर्वीच लिहून ठेवले गेले होते.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना चार्ल्स व्हीटस्टन हे नाव विद्युतरोध मोजण्याच्या सेतूमुळे माहीत असते. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील या प्राध्यापकाने १८३८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे द्विनेत्री दृष्टीवर एक निबंध सादर केला. माणसाच्या दोन डोळ्यांत सरासरी ६३ मिलिमीटरचे अंतर असते. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला जगाचे किंचित वेगळे चित्र दिसते आणि या फरकातूनच मेंदू खोलीचे आकलन करून घेतो, हे व्हीटस्टनने दाखवून दिले. त्यासाठी त्याने काटकोनात बसवलेल्या दोन आरशांचे एक उपकरण बनवले. डाव्या डोळ्याला एक रेखाचित्र दिसे, उजव्याला दुसरे, आणि पाहणाऱ्याला हवेत उभी असलेली एक घनाकृती दिसे. उपकरणाला त्याने ‘स्टीरिओस्कोप’ हे नाव दिले. छायाचित्रणाची कला जाहीर होण्याच्या एक वर्ष आधीची ही गोष्ट आहे.

पुढे १८४९ मध्ये डेव्हिड ब्रूस्टरने आरशांऐवजी भिंगे वापरून लहान आणि सुटसुटीत स्टीरिओस्कोप सुचवला. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात तो झळकला आणि युरोप-अमेरिकेतील दिवाणखान्यांत त्याची लाट आली. व्हीटस्टन मात्र मूळ प्रश्नाकडेच वळला. १८५२ मध्ये सादर केलेल्या दुसऱ्या निबंधात त्याने एक बारकावा नोंदवला. नेहमीच्या पाहण्यात वस्तू जवळ आली की काही गोष्टी एकाच वेळी आणि एकाच क्रमाने बदलतात. दोन्ही डोळे नाकाकडे वळतात, दृष्टिपटलावरील प्रतिमा मोठी होते आणि डोळ्याचे भिंग जवळच्या अंतरासाठी जुळवून घेते. हा जन्मभराचा मेळ स्टीरिओस्कोपमध्ये तोडता येतो, असे त्याच्या प्रयोगांतून दिसून आले.

पुढचा सारा इतिहास या मेळाभोवती फिरतो, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा. डोळे नाकाकडे वळण्याला अभिसरण म्हणतात, आणि भिंगाची जाडी बदलून प्रतिमा सुस्पष्ट करण्याला समायोजन. निसर्गात ही दोन्ही कामे नेहमी एकाच अंतरासाठी चालतात. एक मीटरवरच्या फुलाकडे पाहताना डोळे एक मीटरवर वळतात आणि भिंगही एक मीटरसाठीच जुळते. मेंदूने या दोन क्रियांची गाठ इतकी घट्ट बांधली आहे, की एकीला चालना मिळाली की दुसरी आपोआप सुरू होते.

आता अडीच मीटरवर ठेवलेल्या त्रिमितीय दूरचित्रवाणीची कल्पना करावी. पडद्यावरचा चेंडू बाहेर येऊन प्रेक्षकापासून एक मीटरवर तरंगतो आहे. डोळ्यांना त्या चेंडूवर, म्हणजे एक मीटरवर वळावे लागते आणि दृष्टिरेषांमधील कोन सुमारे ३.६ अंशांचा होतो. प्रकाश मात्र अडीच मीटरवरच्या काचेतून येत असतो, म्हणून चित्र स्पष्ट दिसण्यासाठी भिंगाला तिथेच जुळून राहावे लागते. पडद्यावर डोळे वळले असते तर तो कोन सुमारे १.४ अंशांचा असता. भिंगाच्या हिशेबाने हा फरक ०.४ आणि १ डायॉप्टरमधला, म्हणजे ०.६ डायॉप्टरचा आहे. समायोजनातील साधारण ०.३ डायॉप्टरपर्यंतची चूक डोळा सहज खपवून घेतो, त्यापलीकडे चित्र धूसर होऊ लागते. त्यामुळे एकाच वेळी अभिसरणाला एक आज्ञा मिळते आणि समायोजनाला दुसरी. प्रत्येक दृश्यबदलाबरोबर ही ओढाताण नव्याने सुरू होते.

नेदरलँड्समधील उट्रेख्त येथील फ्रान्सिस्कुस डॉन्डर्सने १८६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या गाठीची मापे दिली. अभिसरण स्थिर ठेवून समायोजन किती कमी-जास्त करता येते, हे त्याने मोजले. गाठ थोडी सैल करता येते, पण तिला मर्यादा आहे. डॉन्डर्सचे दुसरे कार्य याहून मोलाचे ठरले. वाचताना डोळे शिणणे आणि कपाळ दुखणे या तक्रारींकडे त्या काळी भीतीने पाहिले जाई. दृष्टिपटलाचा हा दुबळेपणा पुढे अंधत्वाकडे नेईल, अशी धास्ती असे. अशा अनेक रुग्णांना केवळ दूरदृष्टिता आहे आणि समायोजनावर अखंड भार पडल्याने त्यांचे डोळे थकतात, हे डॉन्डर्सने सिद्ध केले. योग्य बहिर्वक्र भिंगाचा चष्मा मिळताच तक्रार नाहीशी होई. शिणलेल्या डोळ्यांचे गाऱ्हाणे हे मोजता येण्याजोग्या भौतिक कारणाचे लक्षण असू शकते, ही गोष्ट वैद्यकाने अशा रीतीने मान्य केली.

इंग्लंडमधील नेत्रवैद्य आर्चिबाल्ड पर्सिव्हल १८९२ मध्ये आणखी पुढे गेला. त्याच्यापुढचा प्रश्न व्यवहाराचा होता, चष्म्यात लोलकाची किती शक्ती दिली तर रुग्णाला ती सोसेल? अभिसरण आणि समायोजन यांची गाठ जेवढी ताणता येते, त्या संपूर्ण टापूचा मधला एक-तृतीयांश भागच सुखावह असतो, असा त्याचा निष्कर्ष होता. उरलेल्या भागात दिसते, पण सोसत नाही. जे क्षणभर करता येते ते तासभर करता येईलच असे नाही, हा भेद त्याने आकड्यांत मांडला. ते ज्ञान चष्म्यांच्या व्यवसायात रुजले. चित्रपट आणि दूरचित्रवाणी घडवणाऱ्या अभियंत्यांच्या पुस्तकांत मात्र ते फार उशिरा पोहोचले.

१० ऑगस्ट १९२८ रोजी लंडनमध्ये जॉन लोगी बेअर्डने त्रिमितीय दूरचित्रवाणीचे प्रात्यक्षिक केले. फिरत्या तबकडीवरील भिंगांच्या दोन रांगा दोन डोळ्यांसाठी दोन प्रतिमा पाठवत आणि प्रेक्षक त्या स्टीरिओस्कोपमधून पाहत. चित्र अवघ्या ३० रेषांचे होते. १९४१ मध्ये त्याने चष्म्याविना पाहता येणारे रंगीत त्रिमितीय चित्रही दाखवले, पण त्यासाठी डोके एका ठराविक जागी ठेवावे लागे. साधी दूरचित्रवाणी घराघरांत पोहोचण्यापूर्वीच तिचे त्रिमितीय रूप तयार होते. पुढची ऐंशी-नव्वद वर्षे प्रत्येक पिढीला ते नव्याने सापडत राहिले.

चित्रपटगृहांत पहिली मोठी लाट नोव्हेंबर १९५२ मध्ये ‘ब्वाना डेव्हिल’ या अमेरिकी चित्रपटाने आणली. दोन प्रक्षेपक दोन वेगळ्या फिल्म्स एकाच पडद्यावर टाकत आणि प्रेक्षक ध्रुवीकरण करणारा चष्मा लावत. दोन्ही यंत्रे तंतोतंत एका तालात चालणे आवश्यक होते. एक फिल्म तुटली आणि जोडताना तिच्यातील दोन चौकटी गळल्या, तर दुसरीतूनही त्याच चौकटी काढाव्या लागत. ते राहून गेले की डावा डोळा एका क्षणाचे चित्र पाही आणि उजवा दुसऱ्या क्षणाचे. एक प्रतिमा जराशी वर सरकली तरी त्रास वाढे, कारण डोळ्यांना आडवे वळण्याची सवय असते, एक वर आणि एक खाली असे वळण्याची नसते. प्रेक्षक डोकेदुखी घेऊन बाहेर पडू लागले. १९५३ मध्ये गाजलेल्या ‘हाऊस ऑफ वॅक्स’ या त्रिमितीय चित्रपटाचा दिग्दर्शक आंद्रे द टॉथ याला एकच डोळा होता. आपल्या चित्रपटाची खोली त्याला स्वतःला कधीच दिसली नाही. त्याच वर्षी रुंद पडद्याचे सिनेमास्कोप आले आणि चष्मा लागत नाही हाच त्याच्या जाहिरातीचा मुद्दा ठरला. १९५५ पर्यंत लाट ओसरली. दोष प्रक्षेपकांवर गेला. तो खराही होता, पण अपुरा होता. यंत्रे निर्दोष झाली असती तरी पर्सिव्हलची मर्यादा तशीच राहिली असती.

स्टीरिओस्कोप त्रास न देताही वापरता येतो, याचा पुरावा मात्र रोजच्या कामात उपलब्ध होता. डेहराडून येथे १९६६ मध्ये डच सहकार्याने भारतीय प्रकाशचित्र-अर्थबोधन संस्था स्थापन झाली. आज ती इस्रोची ‘भारतीय सुदूर संवेदन संस्था’ म्हणून ओळखली जाते. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांच्या जोड्या पाहून डोंगर, नद्या, खडक आणि जंगले वाचण्याचे प्रशिक्षण तिथे दिले जाई. त्यासाठी वापरला जाणारा आरशांचा स्टीरिओस्कोप व्हीटस्टनच्या उपकरणाचाच वंशज होता. या उपकरणात चित्रे भिंगाच्या नाभीय अंतरावर असतात आणि दोन्ही दृष्टिरेषा समांतर ठेवता येतात. अभिसरण आणि समायोजन दोन्ही दूरच्या क्षितिजावर स्थिरावतात, म्हणजे गाठ सुटत नाही. शिवाय पाहणारा आपल्या डोळ्यांतील अंतराप्रमाणे छायाचित्रे सरकवून घेतो. उपकरण एका माणसासाठी जुळवलेले असते आणि तो माणूस हवे तेव्हा थांबू शकतो. दिवाणखान्यातील पडदा आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांना एकच चित्र दाखवतो आणि थांबण्याची सोय दिग्दर्शकाच्या हाती असते.

भारतीय प्रेक्षकांची त्रिमितीशी भेट २४ ऑगस्ट १९८४ रोजी झाली. नवोदय स्टुडिओचा आणि जिजो पुन्नूस दिग्दर्शित ‘माय डिअर कुट्टिच्चात्तन’ हा मल्याळम चित्रपट त्या दिवशी प्रदर्शित झाला. पुढे तो हिंदीत ‘छोटा चेतन’ म्हणून महाराष्ट्रातील मुलांनीही पाहिला. दोन्ही डोळ्यांची चित्रे एकाच फिल्मवर असल्याने दोन प्रक्षेपकांचा ताल चुकण्याचा प्रश्न मिटला होता. चित्रपट प्रचंड चालला. चष्म्यांविषयी भीती इथेही होती, पण तिचे रूप निराळे होते. एकाचा चष्मा दुसऱ्याने लावल्याने डोळे येतात, अशी वदंता पसरली. चष्मे निर्जंतुक केलेले असतात, असे प्रेक्षकांना सांगण्याची वेळ निर्मात्यांवर आली. अमेरिकेत प्रक्षेपकाला दोष दिला गेला आणि इथे संसर्गाला. दोन्हीकडे चर्चा उपकरणाच्या स्वच्छतेची किंवा अचूकतेची झाली.

डोळ्यांवर थेट मोजमापे घेण्याचे काम १९९० च्या दशकात, डोक्यावर चढवायच्या आभासी वास्तवाच्या संचांमुळे सुरू झाले. १९९३ मध्ये मॉन-विल्यम्स, वॅन आणि रश्टन या संशोधकांनी २० जणांना असा संच फक्त दहा मिनिटे वापरायला दिला आणि आधी-नंतर त्यांची द्विनेत्री दृष्टी तपासली. तेवढ्या अल्प वेळातही दृष्टीत तात्पुरते बदल आढळले. १९९५ मध्ये निन्टेन्डोने ‘व्हर्च्युअल बॉय’ हा लाल-काळ्या चित्रांचा त्रिमितीय खेळसंच आणला. ठराविक वेळाने खेळ आपोआप थांबवण्याची सोय त्यात ठेवावी लागली. वर्षभरातच तो बाजारातून गेला.

एक अडचण तरीही उरली होती. त्रिमितीय संचांत दोष अनेक असतात. एका डोळ्याचे चित्र दुसऱ्याला अंधूक दिसते, चष्म्यामुळे अंधारते, लुकलुक होते. यांतले नेमके कोणते कारण डोळे थकवते? २००८ मध्ये बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड हॉफमन, मार्टिन बँक्स आणि सहकाऱ्यांनी याचे उत्तर दिले. त्यांनी आरशांच्या साहाय्याने असा पडदा बनवला, ज्यात चित्राचे भाग तीन वेगवेगळ्या अंतरांवरून येत असत. चित्रे तशीच ठेवून समायोजनाचे अंतर मात्र अभिसरणाशी जुळवता किंवा मोडता येई. दोन्ही जुळत, तेव्हा दोन प्रतिमा लवकर एकरूप होत, खोलीतील बारकावे चांगले कळत आणि थकवा कमी जाणवे. गाठ मोडताच तिन्ही बाबतींत परिणाम वाईट होत. १८५२ मध्ये व्हीटस्टनने नोंदवलेल्या मेळाचा भंग हाच थकव्याचे स्वतंत्र कारण ठरला. २०११ मध्ये याच गटाने वेगवेगळ्या अंतरांसाठी सुखावह टापू मोजला. तो मोजताना त्यांनी पर्सिव्हलच्याच चौकटीचा आधार घेतला.

म्हणजे त्रिमितीय दूरचित्रवाणीची मोठी लाट आली, तेव्हा निर्णायक प्रयोग प्रसिद्ध होऊन दोन वर्षे लोटली होती. डिसेंबर २००९ मध्ये ‘अवतार’ प्रदर्शित झाला आणि त्याच्या यशाने कंपन्यांचा उत्साह वाढला. २०१० मध्ये विश्वचषक फुटबॉल स्पर्धेतील २५ सामने त्रिमितीत चित्रित झाले. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये स्वतंत्र वाहिन्या सुरू झाल्या आणि भारतातील दुकानांतही हे संच आले. पण चित्रपटगृहातील यश घरात आणता येत नाही, यामागे साधे गणित आहे. पंधरा मीटरवरच्या पडद्यातून एखादी वस्तू तीन मीटरपर्यंत पुढे आली, तरी फरक जेमतेम ०.२७ डायॉप्टरचा पडतो, म्हणजे डोळा खपवून घेईल इतका. अडीच मीटरवरच्या संचात तीच किमया अर्ध्या डायॉप्टरच्या पुढे सहज जाते.

चित्राचा आकार बदलला की खोलीही बिघडते. दहा मीटर रुंद पडद्यासाठी केलेल्या चित्रपटात क्षितिजाच्या दोन प्रतिमांमध्ये ६३ मिलिमीटरचे अंतर ठेवले असेल, तर एक मीटर रुंदीच्या संचावर ते ६.३ मिलिमीटर उरते. मग अडीच मीटरवर बसलेल्या प्रेक्षकाला ते क्षितिज काचेच्या मागे फक्त २८ सेंटिमीटरवर दिसते. उलट घरच्या संचासाठी केलेले चित्र मोठ्या पडद्यावर टाकले, तर दूरची दृश्ये पाहण्यासाठी डोळे एकमेकांपासून बाहेरच्या दिशेला फाकावे लागतात, जे निसर्गात कधीच घडत नाही. लहान मुलांच्या डोळ्यांतील अंतर कमी असल्याने त्यांच्यावर हा प्रसंग मोठ्यांच्या आधी येतो. यावर उपाय म्हणून प्रसारकांनी खोलीच्या आभासावर कडक मर्यादा घातल्या. त्यामुळे चित्र सोसण्याजोगे झाले, पण इतके सौम्य झाले की त्यासाठी चष्मा कशाला लावावा, असे प्रेक्षकाला वाटू लागले. ज्या परिणामासाठी संच विकत घ्यायचा, तोच परिणाम डोळ्यांना दुखवत होता.

सावधगिरीच्या सूचना मात्र वेळेवर आल्या. २०१० मध्येच सॅमसंगने गरोदर स्त्रिया, वृद्ध, गंभीर आजारी, झोप न झालेले आणि मद्यपान केलेले लोक यांनी त्रिमितीय चित्रे पाहणे टाळावे, असा इशारा दिला. निन्टेन्डोने आपल्या नव्या त्रिमितीय संचाबाबत सहा वर्षांखालील मुलांसाठी तसाच इशारा दिला. २०१४ मध्ये फ्रान्सच्या ‘अँसेस’ या आरोग्य-सुरक्षा संस्थेने सहा वर्षांखालील मुलांना त्रिमितीय पडदे दाखवू नयेत आणि तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांनी ते बेताने पाहावेत, अशी शिफारस केली. या सूचनांमागे वाढत्या दृष्टीची काळजी होती. निरोगी प्रौढांना कायमची इजा होते, असे कोणत्याही प्रयोगातून सिद्ध झालेले नाही, हेही नोंदवले पाहिजे. २०१३ मध्ये ‘ईएसपीएन’ची त्रिमितीय वाहिनी बंद झाली आणि बीबीसीनेही आपले प्रयोग थांबवले. २०१६ मध्ये सॅमसंगने आणि २०१७ मध्ये एलजी व सोनी यांनी असे संच बनवणे सोडून दिले.

या तक्रारीची एक उपयुक्त बाजू अमेरिकेतील दृष्टितज्ज्ञांच्या संघटनेने त्याच काळात लक्षात आणून दिली. ज्यांना त्रिमितीय चित्रात खोलीच दिसत नाही, किंवा इतरांच्या आधी डोके दुखू लागते, त्यांच्यात आळशी डोळा, तिरळेपणा किंवा अभिसरणाची उणीव असण्याची शक्यता असते. अनेकांना आपल्या डोळ्यांतील हा दोष ठाऊकच नसतो. वर्गात फळा नीट दिसतो म्हणून ज्या मुलाचे डोळे कधी तपासलेच गेले नाहीत, त्याचा दोष अशा चित्रासमोर उघड होऊ शकतो, आणि आळशी डोळ्यावरचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितके गुणकारी ठरतात.

दिवाणखान्यातून गेलेली त्रिमिती आज डोक्यावर चढवायच्या संचांतून परतली आहे. सैनिकी प्रशिक्षणात, वैद्यकीय शिक्षणात आणि शाळांमध्येही तिचा वापर वाढतो आहे. या संचांतील भिंगे सहसा दोनएक मीटरच्या एकाच ठराविक अंतरावर जुळवलेली असतात, म्हणून हातभर अंतरावरचा आभासी रेणू किंवा हृदय पाहताना तीच ओढाताण होते. डोळ्यांच्या हालचालीनुसार समायोजनाचे अंतर बदलणारी भिंगे प्रयोगशाळांत तयार झाली आहेत. बहुतेक स्वस्त संचांत ती नसतात. असे संच शाळेसाठी विकत घेताना पडद्याचे बिंदू आणि संचाची किंमत यांच्या जोडीला आणखी तीन प्रश्न विचारता येतील. भिंगांतील अंतर लहान मुलाच्या डोळ्यांइतके कमी करता येते का? पाहायच्या वस्तू किती जवळ दाखवल्या आहेत? आणि ‘डोळे दुखतात’ असे म्हणणाऱ्या मुलाला संच काढून ठेवण्याची मुभा आहे का?